अर्धशिशी आणि ‘ती’ गोळी
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माझं आयुष्य औषधाच्या काउंटरमागे गेलं. भाषणापेक्षा डॉक्टरांची चिठ्ठी वाचणं मला सोपं जातं, म्हणून एका चिठ्ठीबद्दलच बोलतो.

अर्धशिशीने बेजार झालेली बाई दुकानात येते. बहुतेक वेळा बाईच, कारण पुरुषांच्या दोन-तीन पट स्त्रियांना हा त्रास होतो. चिठ्ठीवर असतं, ‘अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, रात्री एक’. घरी मुलगा मोबाईलवर नाव शोधतो आणि ‘डिप्रेशनचे औषध’ असं वाचून दाखवतो. दुसऱ्या दिवशी यजमान हजर. आवाज बारीक करून विचारतात, “ही वेडाची गोळी आहे का हो? हिचं तर नुसतं डोकं दुखतंय.” आणि पट्टी परत!

आपण ठाणेकर. इथलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, आणि ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा अख्ख्या महाराष्ट्राने केलेली. त्यामुळे ही भीती मला समजते. नैराश्यासाठी गोळी घेण्यातही लाजण्यासारखं काही नाही, हे आधी सांगतो. पण इथे ती त्यासाठी दिलेलीच नसते.

हे औषध १९६१ च्या सुमारास नैराश्यावरचं म्हणून बाजारात आलं. पुढे १९७० च्या दशकात तपासण्या झाल्या, तेव्हा दिसलं की नैराश्य नसलेल्यांचीही अर्धशिशी त्याने कमी होते. मेंदूतली सेरोटोनिनसारखी जी रसायनं मनःस्थिती सांभाळतात, तीच वेदनेच्या वाटेवरही काम करतात. मात्राही वेगळी. नैराश्याला ७५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लागतं, अर्धशिशीला सुरुवात १० पासून. ॲस्पिरिन ही मूळची ताप-दुखण्याची गोळी, पण आज आपल्यातले कितीतरी आजोबा ती हृदयासाठी घेतात. “मला ताप नाही, मग ही का?” असं कोणी भांडत नाही. प्रोप्रॅनोलॉल ही ब्लडप्रेशरची गोळी, तीही अर्धशिशीला देतात. बदनाम होते ती एकटी ही.

जाता जाता, आपल्या कोलशेत रोडवर सँडोझचा कारखाना होता, जुन्या मंडळींना आठवेल. त्याच कंपनीच्या स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगशाळेत १९१८ साली आर्थर स्टोल यांनी एर्गोटामाइन वेगळं केलं, आणि पुढे कित्येक वर्षं अर्धशिशीचा झटका आला की तेच दिलं जायचं. झटक्यावरचं औषध आणि झटका येऊच नये म्हणूनचं औषध, हे दोन वेगळे प्रकार आहेत. आपली ही गोळी दुसऱ्या प्रकारची. डोकं ठणकायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नाही, रोज घ्यावी लागते.

खरी गोची पुढेच आहे. त्रास आधी होतो, गुण नंतर येतो. पहिल्याच आठवड्यात सकाळी डोळे जड, तोंड कोरडं, पोट साफ नाही. काहींचं वजनही वाढतं. फरक दिसायला मात्र सहा ते आठ आठवडे लागतात. दहाव्या दिवशी लोक म्हणतात, “नुसती झोप येते,” आणि बंद करतात. झोपायच्या तास-दोन तास आधी घेतली तर सकाळ बरी जाते. मुळीच सोसवत नसेल तर डॉक्टरांना सांगा, दुसरी औषधं आहेत. आणि गुण म्हणजे दुखणं गायब नव्हे. महिन्यात आठ दिवस दुखणारं डोकं चार दिवसांवर आलं, तर औषध लागू पडलं समजायचं.

ही नको म्हणून रोज वेदनाशामक गोळ्या खाणारे मी खूप पाहिले. महिन्यात दहा-पंधरा दिवस त्या पोटात गेल्या की त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं!

एक मात्र ऐका. ‘वहिनींना लागू पडली, मला दोन द्या’ हा शेजारधर्म इथे नको. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असणाऱ्यांना ही गोळी बाधू शकते. चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा आणि बंद करायची झाली तरी त्यांना विचारून हळूहळू. डोकेदुखी पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झाली, किंवा क्षणात असह्य झाली, तर अर्धशिशी समजून घरी बसू नका.

घरातलं कॅलेंडर घ्या. दूध नको असलेल्या दिवशी जशी फुली मारता, तशी डोकं दुखलं त्या दिवशी लाल पेनाने मारा. गोळी सुरू करण्याआधीचा एक महिना आणि नंतरचे दोन. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती पानं बरोबर न्या.