गाळ्यातला रोज बांधावर ठरतो

(भाईंदर (पूर्व) येथे, गावी शेती असलेल्या कामगार कुटुंबांच्या बैठकीत केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचण्यासाठी शब्दांकन.)

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो,

भाईंदरमध्ये उभा राहून मी तुम्हाला शेतकरी म्हणतो आहे, त्याचे काहींना हसू आले. इथे कुणी स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारतो, कुणी प्रेसवर सर्कल दाबतो, कुणी सकाळी डबा घेऊन नाक्यावर उभा राहतो. पण मघाशी विचारले, गावी सातबाऱ्यावर नाव कुणाकुणाचे, तर निम्म्याहून जास्त हात वर झाले. नवघर, गोडदेव, खारी ही इथली जुनी गावे. तिथल्या माणसांनीही भातशेती आणि मिठागरे पाहिलेली आहेत. तेव्हा मी चुकीच्या जागी आलेलो नाही. आज आपल्याला एकच हिशेब करायचा आहे. या देशात काम कोण करतो आणि त्याच्या हातात पडते काय?

पहिला आकडा सरकारचा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय २०१७ पासून रोजगाराची पाहणी करते. जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षाचा तिचा अहवाल सांगतो की १५ वर्षांवरच्या माणसांत बेकारी ३.२ टक्के. म्हणजे काम करणारे आणि काम मागणारे मिळून शंभर धरले, तर त्यातल्या सत्त्याण्णव जणांना काम आहे. तुम्ही म्हणाल, हा आकडा खोटा आहे. तो खोटा नाही. मोजायची रीत समजून घ्या. वर्षाचा हिशेब धरताना वर्षातून ३० दिवस कामधंदा केलेला माणूससुद्धा कामकऱ्यांत धरता येतो. आठवड्याचा हिशेब धरला, तर सात दिवसांत एक तास काम झाले तरी तो कामावर. आठवड्यातले चार दिवस नाक्यावरून रिकाम्या हाताने परत जाणारा बिगारी या हिशेबात बेकार नाही.

आणि खरे सांगायचे तर गरिबाला बेकार राहणे परवडतच नाही. बेकार राहायला मागे कुणाची तरी कमाई लागते. त्याच वर्षी १५ ते २९ वयाच्या मुलामुलींत बेकारी १०.२ टक्के निघाली. बी. ए. झालेला मुलगा परीक्षेची पुस्तके घेऊन दोन वर्षे बसू शकतो, कारण बाप राबतो. बाप मात्र एक दिवस बसू शकत नाही. म्हणून काम आहे की नाही, या प्रश्नावर आपण थांबायचे नाही. कामाचे दाम काय, तिथपर्यंत गेले पाहिजे.

दामाचा हिशेब करायला देशातल्या कामकऱ्यांचे तीन कप्पे करतात. पहिला नियमित पगाराचा. शंभरातले २१.७ लोक त्यात आहेत आणि त्यांची सरासरी कमाई महिन्याला वीस हजारांच्या आसपास. दुसरा रोजंदारीचा. त्यात १९.८ लोक, रोज सरासरी चारशे रुपयांच्या थोडा वर. महिन्यात वीस दिवस काम लागले तर आठ-साडेआठ हजार, पंचवीस दिवस लागले तर दहा-साडेदहा. तिसरा कप्पा सगळ्यात मोठा, ५८.४ लोकांचा. त्याला नाव दिले आहे स्वयंरोजगार. नाव फार छान आहे. वाटते, हे सगळे आपापल्या धंद्याचे मालक असतील. यांची सरासरी कमाई महिन्याला तेरा हजारांच्या आसपास.

या कप्प्यात बसतो कोण? स्वतःचा गाळा असलेला मालक बसतो, भाजीची पाटी घेऊन स्टेशनबाहेर बसणारी बाई बसते आणि घरी डझनाच्या हिशेबाने इमिटेशन दागिन्यांचे मणी ओवणारी बहीणही बसते. दीड एकरवाला शेतकरी तर बसतोच. आणि या ५८ मधले १९ जण असे आहेत की ज्यांना मजुरीच नाही. घरच्या शेतात, घरच्या दुकानात मदत करणारी माणसे. कामकरी म्हणून त्यांची मोजणी होते, पण त्यांच्या नावाने रुपया निघत नाही. त्यांत बाया किती, हे मी तुम्हाला सांगायला नको. देशातल्या शंभर कामकरी बायांपैकी चौसष्ट शेतीत आहेत.

बीडकडची ऊसतोड ज्यांनी पाहिली आहे त्यांना 'कोयता' म्हणजे काय ते ठाऊक आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल जोडप्याच्या नावाने, हिशेब जोडप्याच्या नावाने, आणि पैसे नवऱ्याच्या हातात. तोडणारे हात चार असतात, कारखान्याच्या वहीत नाव एक. आपल्या शेतीचेही तसेच आहे, फक्त तिथे वहीही नाही.

आता त्या दीड एकरवाल्याच्या घरात जाऊ. मी शेतीची पदवी घेतली. कॉलेजात आम्हाला हेक्टरी किती क्विंटल हे शिकवले. घरटी किती रुपये, हा विषयच अभ्यासक्रमात नव्हता. तो हिशेब सरकारच्या दोन पाहण्यांत आहे. २०१२-१३ मध्ये देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी उत्पन्न महिन्याला ६,४२६ रुपये होते. त्यात पिकाचे ३,०८१ आणि मजुरीचे २,०७१. पुढची पाहणी २०१८-१९ ची. उत्पन्न १०,२१८. त्यात पिकाचे ३,७९८ आणि मजुरी-पगाराचे ४,०६३.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. सहा वर्षांत मजुरी जवळजवळ दुप्पट झाली, पीक सातशे रुपयांनी वाढले. त्या काळात महागाई याहून जास्त वाढली, म्हणजे पिकाचे उत्पन्न खरे तर घटले. ज्याला सरकार शेतकरी कुटुंब म्हणून मोजते, ते पिकावर कमी आणि मजुरीवर जास्त जगू लागले. जनगणनेतही तेच दिसते. २००१ मध्ये देशात शेतकरी १२.७३ कोटी आणि शेतमजूर १०.६८ कोटी होते. २०११ मध्ये शेतकरी ११.८८ कोटींवर आले आणि शेतमजूर १४.४३ कोटी झाले.

पिकाचे ३,७९८ रुपये म्हणजे दिवसाला सव्वाशे. एका माणसाचे नव्हे, सगळ्या घराचे. त्या वर्षी पुरुष बिगाऱ्याचा एका दिवसाचा रोज याच्या दुपटीहून जास्त होता. शेतीत वर्षाचे सगळे दिवस काम नसते, हे मला मान्य आहे. पण पोट वर्षाचे सगळे दिवस असते. दुसरीकडे सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या सगळ्यात खालच्या नोकराचा मूळ पगार १८,००० ठरवला. मी त्या शिपाईदादाच्या पगाराच्या विरोधात नाही. माणसाने जगावे कसे, याचा हिशेब मांडून तो आकडा काढलेला आहे. तो हिशेब सरकारला येतो, एवढेच मला दाखवायचे आहे. शेतकऱ्याच्या बाबतीत तो मांडला जात नाही.

आता तुम्ही विचाराल, आम्ही गाव सोडून इथे आलो, गाळ्यात काम करतो, आम्हाला या आकड्यांचे काय? माझ्या आजच्या बोलण्याचा मुद्दा तोच आहे. तुमचा गाळ्यातला रोज गाळ्यात ठरत नाही. तो गावच्या बांधावर ठरतो.

कसा ते सांगतो. मालक माणूस ठेवताना एक गोष्ट पाहतो. याला गावी बसून जे मिळते त्याच्यापेक्षा किती जास्त दिले की हा इथे येऊन टिकेल? खोलीभाडे, लोकलचा पास, खानावळ आणि वर थोडे. गावी दिवसाला सव्वाशे सुटत असतील, तर शहरात चारशेला माणूस मिळतो. गावी चारशे सुटायला लागले, तर त्याच पॉलिशच्या कामाला मालकाला आठशे मोजावे लागतील. मालक वाईट की चांगला, हा प्रश्न इथे येत नाही.

हे मी शोधून काढलेले नाही. सेंट लुशिया नावाच्या लहानशा बेटावर जन्मलेला आर्थर लुईस नावाचा अर्थशास्त्रज्ञ होता. त्याने १९५४ साली हे मांडले आणि १९७९ मध्ये त्याला नोबेल मिळाले. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. आफ्रिकेतल्या गोऱ्या मळेवाल्यांना आणि खाणवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते, म्हणून त्यांच्या सरकारांनी तिथल्या गावातली शेती सुधारू दिली नाही, उलट जमिनी काढून घेतल्या. शेती भिकेला लागली की मजूर आपोआप दारात येतो.

कौशल्याचे काय, असे कुणी म्हणेल. कौशल्याला दाम मिळतो, पण पाठीशी काही असेल तर. आपल्या ठाणे जिल्ह्यातच पाहा. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्या काळात गिरण्यांचे पुष्कळ काम भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले. कापड विणायचे कसब तेच होते. पण गिरणीत पक्का पगार, प्रॉव्हिडंट फंड आणि युनियन होती. मागावर मीटरच्या हिशेबाने मजुरी आणि पाळी बारा तासांची. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांतले कित्येक कोकणात आणि घाटावर गावी परतले. तिथली शेती त्यांना सांभाळू शकली असती, तर मागावरचा दर इतका खाली आला असता का?

दुसरा दाखला तुम्ही स्वतः भोगलेला आहे. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला. २०१८-१९ मध्ये देशातल्या शंभर कामकऱ्यांपैकी ४२.५ शेतीत होते. २०२०-२१ मध्ये ते ४६.५ झाले. शेतात एकाएकी काम वाढले नव्हते. जे चौघे निंदत होते तिथे सहा जण निंदू लागले, आणि कागदावर सहाही जण रोजगारात. २०२३-२४ मध्येही हा आकडा ४६.१ वरच आहे. कारखानदारीत शंभरातले जेमतेम अकरा. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे निम्म्याला थोडे कमी लोक अठरा रुपये वाटून घेतात आणि बाकीचे ब्याऐंशी. माणशी हिशेब काढलात तर शेतीबाहेरच्याला जवळजवळ चौपट पडते.

यावर शहाणे लोक म्हणतात, शेतीत माणसे फार झाली, बाहेर काढा. माणसे जास्त आहेत, हे मी शेतीशास्त्राचा विद्यार्थी म्हणून नाकारत नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत सरासरी खातेदाराकडे १.०८ हेक्टर निघाले. पण बाहेर काढायचे कुठे? आठ माणसांच्या गाळ्यात? कारखाना म्हणून कायदा लागू व्हायला वीज वापरणाऱ्या जागी आधी दहा कामगार लागत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात ती मर्यादा वीसवर गेली. आठ माणसांचा गाळा आधीही बाहेर होता, आताही बाहेर आहे. उपाशी माणूस ढकलून बाहेर काढला की तो मिळेल त्या रोजावर उभा राहतो आणि आधी उभ्या असलेल्याचाही रोज पाडतो. शेती पिकवून दोन पैसे गाठीला बांधलेला माणूस बाहेर पडतो, तेव्हा तो भाव करतो.

कांद्याचेच घ्या. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ ला उठवली. तुम्हाला सांगितले गेले, हे तुमच्यासाठी, शहरातल्या गरिबासाठी. हिशेब करू. समजा किलोमागे वीस रुपये वाचले. घरात महिन्याला पाच किलो कांदा. शंभर रुपये वाचले. आणि कांद्यात बुडालेले तुमचे दोन चुलतभाऊ नाक्यावर येऊन उभे राहिले, रोजात पन्नास रुपये तुटले, तर वीस दिवसांत हजार गेले. एका हंगामाच्या बंदीने रोज पडत नाही, हे खरे. पण कधी कांदा, कधी साखर, कधी तांदूळ असे वर्षानुवर्षे चालले, तर पडतो. ज्याच्या गावी एक गुंठाही नाही, त्या मजुराचाही पडतो.

म्हणून शेतकरी आणि कामगार यांची भांडणे लावणाऱ्यांचे ऐकू नका. तुमच्या घरात दोघेही आहेत. गावी राहिलेला भाऊ आणि गाळ्यातला भाऊ एकाच ताटातले खातात, फक्त ताट दोन गावांत मांडलेले आहे.

आता काम सांगतो. प्रत्येक घराने एक वही करायची. पाच रकाने. नाव, जागा (गावचे शेत, गाळा, नाका, घर), कामाचे दिवस, दिवसाचे तास, हातात पडलेले पैसे. गावी असलेल्यांची नावेही त्याच वहीत. आईचे, बायकोचे, सुनेचे नाव वेगळ्या ओळीवर, आणि पैसे शून्य असतील तर शून्य लिहायचे, जागा मोकळी सोडायची नाही. एका खरिपाची आणि एका रब्बीची नोंद झाली की वह्या जिल्हा बैठकीत आणा. पिकाच्या खर्चात घरच्या माणसाचा दिवस कोणत्या दराने धरायचा, यावर आपण भांडणार आहोत. तो दर सरकारने गावच्या पडेल मजुरीवरून ठरवायचा आणि त्या मजुरीला आधी पाडायचे, हा खेळ आता चालणार नाही. भांडायला जाताना आपल्याकडे आपला आकडा पाहिजे.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेत जाणाऱ्या पोराला बसवा. आईने वर्षभरात किती दिवस काम केले आणि तिला किती मिळाले, हे त्या पोराला स्वतःच्या हाताने लिहू द्या. सरकारच्या आकड्यांपेक्षा त्या एका ओळीतून त्याला या देशाचे अर्थशास्त्र लवकर कळेल.

एवढे बोलून मी थांबतो. वह्या दाराशी ठेवल्या आहेत, जाताना घेऊन जा.