थांबणारे यंत्र



कामगार युनियनचे काम करणाऱ्या माणसाने जुन्या व्हीसीआरवर का बोलावे, असे कोणी विचारील. आमच्या कचेरीच्या कपाटात द्वारसभांच्या नि मोर्च्यांच्या कॅसेटी आहेत. तुमच्या घरी लग्नाच्या, बारशाच्या असतील. त्यांत बोलणारी पुष्कळ माणसे आज हयात नाहीत. कॅसेट आहे, पण यंत्र बंद, तर तो आवाज असून नसल्यासारखा. नवे यंत्र आता कोणी बनवीत नाही. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएस पद्धत बाजारात आणली. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडनंतर रंगीत दूरदर्शनसंचांच्या पाठोपाठ ती घरोघर दिसू लागली. आणि फुनाई या कंपनीने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबविले, तेव्हा कारखानदारीच्या दृष्टीने हा विषय संपला. आता आहे ती यंत्रेच जगवावयाची.

सर्वांत जास्त येणारी तक्रार अशी: यंत्र कॅसेट आत घेते, चित्र दिसते न दिसते तोच काही सेकंदांत थांबते आणि कधी कधी स्वतःच बंद होते. लोक म्हणतात, मोटर गेली. दुकानदार म्हणतो, हेड गेले, आणि हेडाचे पैसे मागतो. पण यंत्र थांबले, म्हणजे ते आपले काम करीत आहे! फीत गुंडाळणाऱ्या रिळाखाली एक सेन्सर असतो. रीळ फिरत नाही असे त्याला कळले की तो यंत्र थांबवितो. नाहीतर सगळी फीत आत गोळा होऊन चुरगळली असती. (कामगाराने काम थांबविले की मालकही आधी त्याच्या नावाने खडे फोडतो, कारण नंतर विचारतो.)

रीळ का फिरत नाही? पुष्कळ जुन्या यंत्रांत आयडलर नावाचे छोटे चाक दोन रिळांच्या मध्ये हलते आणि ज्या रिळाला टेकेल ते फिरविते. त्याच्या कडेची रबराची कडी वर्षानुवर्षांनी कडक व गुळगुळीत होते आणि घसरू लागते. ती स्पिरिटने पुसली तर काही दिवस चालते. खरा इलाज कडी बदलणे हाच. झाकण काढून पाहा: रीळ फिरत नसेल तर आयडलर किंवा बेल्ट, रीळ फिरूनही यंत्र थांबत असेल तर सेन्सरवरील धूळ. मात्र झाकण काढल्यावर दिव्याचा झोत आत पडू देऊ नका. फितीच्या टोकाला पारदर्शक तुकडा असतो, त्यातून आरपार जाणाऱ्या अदृश्य प्रकाशावरून यंत्राला फीत संपल्याचे कळते. तुमच्या दिव्याने ते फसते. पॉवर सप्लायच्या भागाला हात लावू नका. प्लग काढल्यावरही तेथील कपॅसिटरमध्ये विजेचा भार राहतो.

आता हेड. आवाज ठीक आणि चित्रावर नुसता बर्फ, तर बहुधा हेड घाण झाले आहे. कारण साधा आवाज वाचणारे हेड निराळे, स्थिर असते. चित्राची हेडे ६२ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवर असतात, आणि आपल्या पाल पद्धतीत तो ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. फीत स्वतः सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर सरकते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेले मऊ चामडे ड्रमच्या अंगाला सपाट धरावे आणि ड्रम हाताने हळू फिरवावा. चामडे वरखाली मुळीच घासू नये. हेडाचे टोक ठिसूळ असते, मोडले की मग दुकानदाराचे म्हणणे खरे होते. कापसाची काडीही नको, तिचे धागे अडकतात.

आणि आपल्या पावसाळ्याचे काय? कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती कॅसेट यंत्रात घालूच नका. ती हेड बुजवील आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही जाईल.

दुरुस्ती झाल्यावर आधी टाकाऊ सिनेमाची कॅसेट पूर्ण चालवा. पिंच रोलर गुळगुळीत झाला असेल तर ती कडेने चुरगळून बाहेर येईल. खालच्या कडेवर चित्राची लय राखणारा पट्टा असतो, तो गेला की चित्र डळमळते. ती धड निघाली, तरच आईच्या आवाजाची कॅसेट घाला, आणि ती पहिल्यांदा चालेल तेव्हाच तिची संगणकावर नक्कल उतरवून घ्या. दुसऱ्यांदा चालेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

एक बंद यंत्र मी बरोबर आणले आहे. ज्यांना आयडलर पाहावयाचा असेल त्यांनी सभेनंतर व्यासपीठाच्या डाव्या बाजूस यावे.