पायी सहलीचा दुसरा दिवस



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर राज्यकारभार, अर्थकारण, अध्यात्म असे भारदस्त विषय शोभून दिसतात. चालणे हा विषय त्यांच्या पंक्तीला बसणारा नव्हे, हे आम्ही जाणतो. चालणे ही काय शिकावयाची गोष्ट आहे, ते तर वर्षाच्या आतबाहेर मूल आपले आपण शिकते, असे कोणी म्हटले तर आमच्यापाशी उत्तर नाही. पण सुट्ट्या लागल्या की आमच्याकडे दोन-चार मंडळी हमखास येतात आणि एकच प्रश्न करतात : ‘‘आम्हांला तीन-चार दिवस पायी फिरायला जायचे आहे. पूर्वी कधी गेलो नाही. कोठे जावे?’’ या प्रश्नाचे उत्तर आज जरा सविस्तर द्यावे, एवढाच हेतू आहे.

पायी सहल म्हणजे सकाळी गडावर जाऊन संध्याकाळी घरच्या पिठल्याला हजर राहणे नव्हे. हिमालयातली मोहीमही नव्हे. तीन-चार दिवस घराबाहेर राहावयाचे आणि त्या दिवसांतला मुख्य उद्योग चालणे हा असावयाचा, अशा सहलीविषयी आम्ही बोलत आहोत. आमच्याकडे येणाऱ्यांच्या मनात जागा बहुधा आधीच ठरलेली असते. आमची फक्त मान हलावी अशी त्यांची अपेक्षा असते. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि त्यांत राजगड आहे. तेव्हा नवखा मनुष्य राजगडाचे नाव घेणार, आणि राजगड म्हटला की त्याला तोरणा जोडणार, हे ठरलेलेच. एका गडावरून दुसरा समोर दिसतो, मधून डोंगराची सोंड गेलेली आहे, आणि दोन्ही नावांना इतिहासाचे वजन आहे. मोह होतो. आम्हांलाही झाला होता.

त्या मोहाची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. आम्ही तिघे मित्र होतो. दोघांना डोंगराची थोडी सवय, तिसरा अगदी कोरा. महिना वैशाखाचा. गुंजवण्याहून चोर दरवाजाच्या वाटेने पहिल्या दिवशी राजगडावर चढलो. तो दिवस फार सुखाचा गेला. तिसरा मित्र आम्हां दोघांच्याही पुढे चालत होता. पद्मावती माचीवर संध्याकाळी वारा सुटला, तळ्याकाठी बसून आम्ही चिवड्याचा डबा संपवला, आणि ‘उगाच लोक डोंगराची भीती घालतात’ असा ठरावही तेथे एकमताने मंजूर झाला. त्या काळी मंदिरात मुक्काम करता येत असे, तेथेच झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा मित्र उठला तो भिंतीला धरून. पायऱ्या चढताना त्याला काही वाटेना. उतरताना मात्र एकेका पायरीला तो आडवा होई. आम्ही विचारले, ‘‘काय रे, ठीक ना?’’ आता, ‘ठीक ना’ असे विचारल्यावर कोणता मनुष्य ‘नाही’ म्हणेल? तो ‘हो’ म्हणाला. संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून आम्ही उतरलो आणि तोरण्याच्या दिशेने सोंडेला लागलो. दहा वाजता ऊन तापले. मित्र मागे पडू लागला, त्याच्यासाठी थांबावे लागू लागले, आणि थांबलो की आम्ही पाणी पीत होतो. अकराच्या सुमारास पाणी संपले. पुढे तोरण्याचा चढ, मागे राजगडाचा चढ. पुढे जाणे आणि परतणे दोन्ही सारखेच अवघड, अशा ठिकाणी आम्ही उभे होतो.

वाटेत एका धनगराचे घर लागले, म्हणून आज ही कथा हसत सांगता येते. घरातल्या मावशींनी पाणी दिले, ताक दिले. आम्ही त्यांना तोरण्याची वाट विचारू लागलो. त्यांनी आमच्या मित्राकडे बोट केले आणि म्हणाल्या, ‘‘त्याला इचारलं का कुनी, जायाचं का म्हून?’’

विचारले नव्हते. तिघांच्या सहलीत दोघांनी बेत केला होता आणि तिसऱ्याने मान हलवली होती. आम्ही खिंडीतल्या रस्त्यावर उतरलो आणि मिळेल त्या वाहनाने घर गाठले. कोणाला इजा झाली नाही, चार दिवसांत मित्राचे पाय मोकळे झाले. पण त्यानंतर तो पुन्हा आमच्याबरोबर डोंगरात आला नाही. दर वर्षी काही ना काही काम निघे. चुकीच्या निवडीची खरी किंमत ही असते. पाय बरे होतात. मनुष्य चालण्याला कायमचा मुकतो.

तेव्हापासून कोणी ‘कोठे जावे’ असे विचारले की आम्ही उलट विचारतो, ‘‘दुसऱ्या दिवशी काय करणार?’’ कारण नवख्याची परीक्षा पहिल्या दिवशी होतच नाही. पहिल्या दिवशी उत्साह चालत असतो. याचे शारीरिक कारण सोपे आहे. चढताना दम लागतो, पण तो क्षणभर टेकले की जातो. उतरताना दम लागत नाही, म्हणून आपल्याला उतरणे सोपे वाटते. परंतु उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला शरीराचा भार आवरून धरावा लागतो. तो ताणला जात असतानाच त्याला लगामाचे काम करावे लागते. अशा कामाने स्नायूच्या धाग्यांना अतिसूक्ष्म इजा होते, आणि तिची वेदना लगेच जाणवत नाही. ती दुसऱ्या दिवशी वाढते आणि पुढे दोन-तीन दिवस राहते. म्हणजे ज्या सकाळी आपण ‘काल काहीच झाले नाही, आज लांबची मजल मारू’ असे म्हणतो, तीच वेदनेची सकाळ.

यावर एक उपाय निसर्गानेच ठेवला आहे. स्नायू एकदा असा दुखून बरा झाला की पुढचे काही आठवडे तशाच उताराने तो तितका दुखत नाही. म्हणून सहलीच्या दोन-तीन आठवडे आधी आपल्या गावची टेकडी किंवा जवळचा गड, पुणेकरांनी सिंहगड म्हणा, पाठीवर पिशवी घेऊन शनिवारी चढून उतरावा, आणि रविवारी पुन्हा चालून पाहावे. रविवारची चाल महत्त्वाची. त्या दिवशी पाय आणि मन काय म्हणतात ते ऐकून मग सहलीचा बेत करावा. नव्या जोड्याची परीक्षाही तेथेच होते. नवा जोडा घालून थेट सहलीला निघणे म्हणजे टाचेवर फोड विकत घेणे होय.

आपल्याकडे हे शहाणपण नवीन नाही. ज्ञानोबांच्या पालखीचा क्रम पाहा. पालखी आळंदीहून निघते, एका मोठ्या मजलेने पुण्यास येते, आणि दुसऱ्या दिवशी पुण्यातच राहते. मग दिवेघाट चढून सासवडला जाते, आणि तेथेही एक दिवस जास्त राहते. पंढरपूरची सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट, त्यातल्या पहिल्या दोन मोठ्या श्रमांनंतर प्रत्येकी एक विसावा! या मुक्कामांची कारणे परंपरेची आणि सोयीची असतील. पण लाखो माणसे, त्यांत म्हातारीकोतारी आणि वर्षभर एवढे कधी न चालणारी, ती वाट पार करतात, त्यात या विसाव्यांचा वाटा नाही असे आम्हांस वाटत नाही. शिवाय दिंडीचे जड सामान गाडीतून जाते; वारकऱ्याच्या खांद्यावर पताका असते, नाहीतर गळ्यात टाळ. आमची तरुण मंडळी मात्र पहिल्याच सहलीला घर पाठीवर घेऊन निघतात.

तेव्हा पहिल्या सहलीसाठी आमची पसंती तळ ठेवून फिरण्याला आहे. एका गावी उतरावयाचे, सामान तेथे टाकावयाचे, आणि रोज पाणी, शिदोरी व एक पांघरण एवढेच घेऊन निघून संध्याकाळी परत यावयाचे. ज्या वाटेने गेलो तिनेच परतावयाचे असले की कोणत्याही दगडापासून मागे फिरता येते. एका गडावरून दुसऱ्या गडावर जाण्याच्या वाटेत ही सोय नाही; अर्धी वाट सरली की दोन्ही टोके सारखीच लांब होतात. जाणत्यांना त्यातच गोडी वाटते, आणि ती खरी आहे. ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावी.

नमुन्यादाखल आम्ही भंडारदऱ्याचे नाव सांगतो. मुंबई-नाशिक वाटेवरच्या घोटीहून तेथे मोटार जाते. प्रवरेवरच्या धरणालगत शेंडी गाव आहे, तेथे राहण्याजेवण्याची सोय होते. पहिल्या दिवशी दुपारी पोचावे आणि जलाशयाच्या कडेने तास-दीड तास नुसते भटकावे. गड वगैरे काही नको. दुसऱ्या दिवशी पहाटे बारी गावी जाऊन कळसूबाई चढावी. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. पण ‘सर्वांत उंच’ या शब्दांनी घाबरण्याचे कारण नाही. वाट मळलेली आहे, अवघड कातळांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत, आणि जेथे नको वाटेल तेथून माघारी येता येते. शिखरावर देवीचे लहानसे देऊळ आहे. एक मात्र सांभाळावे : सुट्टीच्या दिवशी शिड्यांवर रांगा लागतात, आणि रांगेत मागचा मनुष्य ढकलत असताना नवख्याला माघार घेण्याची लाज वाटते. आडवार निवडावा.

वेळेचा हिशेब कसा करावा, हेही येथेच सांगून टाकतो. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक आडाखा दिला, तो आजही चालतो : तीन मैलांस एक तास आणि दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास. आपल्या मापात, पाच किलोमीटरांस एक आणि सहाशे मीटर चढास एक. बारीहून शिखरापर्यंतचा चढ आठशे मीटरांच्या आसपास आहे. या आडाख्याने वर जाण्यास अडीच तास पुरावेत. पण नेस्मिथसाहेब स्कॉटलंडच्या हवेत चालत होते, आणि त्यांच्या हिशेबात विश्रांती धरलेली नाही. नवख्याने चार तास धरावेत, उतरण्यास तीन, आणि दुपारचे बारा वाजले की असू तेथून परत फिरावे.

तिसरा दिवस, म्हणजे दुखण्याचा दिवस. या दिवशी मोटारीने रतनवाडीला जावे. तेथे अमृतेश्वराचे कोरीव दगडी मंदिर आहे, जवळच बांधीव पुष्करणी आहे, आणि मागे रतनगड उभा आहे. रतनगडाच्या माथ्यावर खडकाला आरपार भोक आहे, त्याला नेढे म्हणतात. ते पाहण्याची ओढ लागेल. पाय मोकळे असतील तर पायथ्याच्या रानात तासभर जावे, नसतील तर मंदिराच्या ओट्यावर बसून खांबांवरची नक्षी पाहावी. ज्याला तीन दिवसांच्या सहलीत एक दिवस बसून राहणे परवडत नाही, त्याने चार दिवसांची रजा काढावी.

आता ऋतूचे. ही व्याख्यानमाला वसंतात भरते ही आमची अडचण आहे. कारण आज ऐकून उद्या निघाल तर आम्ही सांगितले ते सारे फुकट जाईल. उन्हाळ्यात सह्याद्रीवरची टाकी आटतात आणि काळा कातळ दहा वाजल्यापासून भाजू लागतो. मृगाच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे पाहायला जातात. ते अवश्य पाहावेत, पण ती चालण्याची सहल नव्हे. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडावर जुना-जाणताही घसरतो. दिवाळीपासून माघापर्यंतचे दिवस नवख्याचे. तरीही माणशी तीन लिटर पाणी बरोबर असावे. तीन लिटर म्हणजे तीन किलो, हे ध्यानात ठेवून बाकीची पिशवी भरावी. अत्तर लावून जाऊ नये आणि कड्याखाली धूर करू नये. आग्या मोहोळे उठली की वाट आणि उतार पाहण्याची सवड राहत नाही. गडावर राहण्याचा विचार असेल तर पुरातत्त्व खात्याचा आणि वनखात्याचा नियम आधी विचारून घ्यावा.

सोबत्यांची निवड आम्ही शेवटी ठेवली, कारण ती सर्वांत अवघड. तिघे-चौघे पुरे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत हळू चालणाऱ्याला विचारावयाचे असते ते ‘ठीक ना’ असे नव्हे. ‘‘आज किती चालू या?’’ असे विचारावे, आणि त्याने उत्तर देईपर्यंत दुसऱ्या कोणी तोंड उघडू नये. तो ‘तासभर’ म्हणाला तर त्या दिवशी सर्वांची चाल तासाभराची.

त्या जुन्या मित्राला आम्ही मध्यंतरी हा भंडारदऱ्याचा बेत ऐकवला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘कळसूबाई तुम्ही चढा. मी पुष्करणीपर्यंत येतो.’’ कार्तिकातला एखादा आडवार पाहून ठेवला आहे; रजेचा अर्ज त्याचा व्हायचा आहे.