शेजारी राष्ट्रांतील ख्रिस्तमंडळ्यांचा समेट



दोन राष्ट्रांत तह झाला म्हणजे तोफा थांबतात. परंतु ज्यांनी एकमेकांची नगरे जाळली, त्यांनी पुन्हा एका पंक्तीस कसे बसावे, हे तहाच्या कलमांत लिहिलेले नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रश्न युरोपातील प्रॉटेस्टंट ख्रिस्तमंडळ्यांपुढे उभा राहिला. त्यांनी तो कसा सोडविला, ह्याचा आज आपण विचार करू.

ह्या मंडळ्यांचा धर्मग्रंथ एक. तरीही युद्धाने त्यांच्यात खोल दरी पाडली होती. जर्मनीतील कित्येक धर्माधिकाऱ्यांनी हिटलरचे उघड स्वागत केले होते. १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी हॉलंडमधील रॉटरडॅम शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त केला. पोलंडमधील ल्यूथरन बिशप युलिउश बुर्शे हे वंशाने जर्मन, परंतु निष्ठेने पोलिश. नाझींनी त्यांस कैद केले आणि १९४२ साली बंदिवासातच त्यांचा अंत झाला. अशा आठवणी ताज्या असता बंधुभावाची भाषा कोणी व कोणत्या तोंडाने बोलावी?

ऑक्टोबर १९४५ मध्ये, बाँबवर्षावाने भग्न झालेल्या स्टुटगार्ट शहरी, जर्मनीतील इव्हँजेलिकल चर्चच्या कार्यकारी मंडळाची बैठक भरली. तेथे शेजारच्या देशांतील प्रतिनिधी मुद्दाम आले. फ्रान्सचे पिएर मोरी होते. हॉलंडचे हेंड्रिक क्रेमर होते. १९३८ साली मद्रासजवळ तांबरम येथे भरलेल्या मिशनरी परिषदेमुळे त्यांचे नाव हिंदुस्थानातही परिचित झाले होते. इंग्लंडचे बिशप जॉर्ज बेल होते. जर्मन शहरांवरील सरसकट बाँबवर्षावाविरुद्ध त्यांनी १९४४ साली, युद्ध ऐन भरात असता, आपल्याच लॉर्ड्स सभेत आवाज उठविला होता.

ह्या पाहुण्यांसमोर १९ ऑक्टोबर रोजी जर्मन मंडळाने एक लेखी निवेदन ठेवले. आमच्यामुळे अनेक राष्ट्रांवर अपार दुःख ओढवले आणि आम्ही अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, असा त्याचा आशय होता. खाली अकरा सह्या होत्या. त्यांतील एक मार्टिन निमोलर यांची. हे गृहस्थ हिटलरच्या विरोधामुळे १९३७ पासून १९४५ पर्यंत तुरुंगात व छळछावण्यांत होते. 'मी निर्दोष आहे' असे म्हणण्याचा अधिकार ज्यास होता, त्यानेच 'आम्ही दोषी आहोत' असे म्हटले.

स्वदेशात मात्र ह्या निवेदनावर संतापाचा भडिमार झाला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने सारा दोष जर्मनीच्या माथी मारला, तोच प्रकार आता आपलेच धर्मगुरू करीत आहेत, असे लोक म्हणू लागले. पूर्वेकडील प्रांतांतून लक्षावधी जर्मन हाकलले जात होते. आमच्या दुःखाचा उच्चार कोठे आहे, असा त्यांचा सवाल होता. ते दुःख खोटे नव्हते. परंतु 'तुम्ही आपली चूक कबूल करा, मग आम्ही आमची करू' असा सौदा आरंभिला, तर कबुलीजबाबाचा जमाखर्च होतो आणि तो कधीच जुळत नाही.

ह्या निवेदनात एक मोठी उणीवही होती. ज्यूंच्या संहाराचा त्यात नामनिर्देश नव्हता. आपल्या मौनाने आपणही त्या पापाचे भागीदार झालो, ही कबुली चर्चच्या महासभेने बर्लिनमधील वायसनझे येथे १९५० साली दिली.

शब्दांमागून कृती आली. नाझी राजवटीत रुग्णांच्या हत्येविरुद्ध उभे राहिलेले न्यायाधीश लोथार क्रायसिग यांनी १९५८ साली तरुणांस आवाहन केले की, ज्या देशांवर आपण अत्याचार केले तेथे जाऊन, प्रायश्चित्ताची खूण म्हणून, स्वतःच्या हातांनी काही बांधा. पुढच्याच वर्षी अशा तुकड्या हॉलंड व नॉर्वे येथे कामास लागल्या; फ्रान्समधील तेझे गावी त्यांनी बांधलेले समेटाचे चर्च १९६२ साली उघडले.

सर्वांत कठीण प्रसंग १९६५ साली आला. ओडर-नायसे नद्यांपलीकडील गमावलेल्या प्रांतांत आता पोलिश लोकांची घरे वसली आहेत, त्यांचाही न्याय पाहिला पाहिजे, असे जर्मन चर्चने एका पत्रिकेत स्पष्ट लिहिले. निर्वासितांच्या संघटना खवळल्या. तथापि १९७० सालच्या पोलंडबरोबरच्या करारास अनुकूल असे लोकमत घडविण्यात ह्या पत्रिकेचा मोठा वाटा होता.

अखेर १९७३ च्या मार्चमध्ये बाझेलजवळ लॉयनबर्ग येथे एक सहमतिपत्र सिद्ध झाले. प्रभुभोजनाच्या अर्थावरून १५२९ साली ल्यूथर व त्स्विंग्ली ह्यांची वाट वेगळी झाली होती. त्या दोन्ही परंपरांच्या मंडळ्यांनी आता एकमेकींस व्यासपीठ व प्रभूचे मेज खुले केले.

ह्या सर्व घटनांत तीस वर्षांहून थोडाच कमी काळ गेला. त्यांचा आरंभ ज्या अकरा माणसांनी केला, त्यांनी शेजाऱ्यांच्या अपराधांची यादी मागितली नाही. आपली तेवढी पुढे ठेवली. शेजाऱ्याशी समेट करू इच्छिणाऱ्या प्रत्येक समाजाने ही गोष्ट मनात वागविण्यासारखी आहे.