डिरेलर निवडताना मी केलेल्या दोन चुका



तुमच्यापैकी कोणी बडोद्याला, कोणी हैदराबादला, कोणी बेंगळुरूला बसून हे ऐकत असेल. मी इंदूरहून बोलतोय. मी सायकलचा मेकॅनिक नाही. पंधरा वर्षं सायकल चालवणारा आणि घरच्या घरी तिची दुरुस्ती करणारा माणूस आहे. आजचा विषय छोटा वाटेल: माउंटन बाइकचा मागचा डिरेलर बदलायचा असेल तर नवा कसा निवडायचा? पण याच बाबतीत मी दोन चुका केल्या, आणि दुसरीची किंमत माझ्या लेकीनं मोजली. म्हणून आज बोलायचं ठरवलं.

आधी हा डिरेलर काय करतो ते थोडक्यात सांगतो. मागच्या चाकापाशी, चेनच्या खाली जो लोंबता भाग दिसतो, तो डिरेलर. त्यात दोन छोटी दातेरी चाकं असतात. वरचं चाक चेनला एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर ढकलतं. खालचं चाक चेनची ढील ओढून घेतं. म्हणजे कामं दोन: चेन हलवणं आणि चेन ताणून धरणं. ही दोन कामं लक्षात ठेवा, निवडीचे सगळे नियम त्यातूनच निघतात.

आता माझी गोष्ट. माझी जुनी माउंटन बाइक आहे. पुढे तीन चकत्या, २२, ३२ आणि ४२ दात्यांच्या. मागे आठ, ११ ते ३२ दात्यांच्या. एका पावसाळ्यात चोरलच्या रस्त्यावर घसरलो, सायकल उजव्या अंगावर दगडावर आपटली आणि डिरेलर वाकला. एवढंच दिसलं मला. जे दिसलं नाही त्याकडे नंतर येतो.

नवा घ्यायचा तर जरा वरचा घेऊ, असा विचार केला. इंटरनेटवर सवलतीत दहा गिअरचा एक छान डिरेलर दिसला. मनात म्हटलं, दहा गिअरचा आठ गिअर चालवणार नाही होय? घेतला. ही पहिली चूक.

बसवला, आणि गिअर काही जागेवर पडेना. पहिली टिचकी ठीक, दुसरीला खरखर, चौथीला चेन दोन चकत्यांच्या मध्येच अडकलेली. दोन संध्याकाळी केबल घट्ट कर, सैल कर, यात गेल्या. शेवटी कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला.

गिअरच्या पायऱ्या डिरेलरमध्ये नसतात, हँडलवरच्या शिफ्टरमध्ये असतात. एक टिचकी दिली की शिफ्टर ठरावीक लांबीची केबल ओढतो. डिरेलर त्या लांबीला एका आकड्यानं गुणतो आणि तेवढा आत सरकतो. शिमानोच्या आठ गिअरच्या शिफ्टरची एक टिचकी साधारण २.८ मिलीमीटर केबल ओढते. जुन्या पद्धतीचा डिरेलर तिला १.७ नं गुणतो. झाले जवळपास ४.८ मिलीमीटर, आणि आठ गिअरच्या कॅसेटमध्ये दोन चकत्यांमधलं अंतरही तेवढंच. पण शिमानोच्या माउंटन बाइकच्या दहा गिअरच्या डिरेलरचा गुणक आहे १.२ च्या आसपास. म्हणजे एका टिचकीला माझा डिरेलर सरकत होता ३.४ मिलीमीटर. सात टिचक्यांनंतर तो दहा मिलीमीटर मागे. दहा मिलीमीटर म्हणजे दोन अख्ख्या चकत्या. केबल कितीही पिळली तरी हे गणित सुटणार नव्हतं.

म्हणून पहिला प्रश्न शिफ्टरचा: कोणत्या कंपनीचा, किती गिअरचा? शिमानोचे माउंटन बाइकचे सात, आठ आणि नऊ गिअरचे डिरेलर एकाच गुणकाचे आहेत. त्यामुळे आठच्या शिफ्टरला नऊचा डिरेलर बेलाशक चालतो, आणि आज नऊचे डिरेलर चांगल्या दर्जाचे मिळतातही. दहापासून पुढे मात्र हिशोब बदलतो. स्रॅमचं गणित आणखी वेगळं, म्हणून शिमानोचा शिफ्टर आणि स्रॅमचा डिरेलर अशी जोडी लावायला जाऊ नका.

दुसरा प्रश्न: मागची सगळ्यात मोठी चकती किती दात्यांची? प्रत्येक डिरेलरला एक मर्यादा असते. ती ओलांडली तर वरचं छोटं चाक मोठ्या चकतीला घासतं. थोडा फरक बी-स्क्रूनं सांभाळता येतो, पण त्या भरवशावर खरेदी करू नये.

तिसरा प्रश्न चेनच्या ढिलीचा. हा हिशोब शाळेतल्या वजाबाकीएवढा सोपा आहे. पुढची मोठी वजा पुढची लहान: माझ्याकडे ४२ वजा २२, म्हणजे २०. मागची मोठी वजा मागची लहान: ३२ वजा ११, म्हणजे २१. बेरीज ४१. डिरेलरच्या माहितीत 'टोटल कपॅसिटी' म्हणून जो आकडा असतो, तो ४१ किंवा जास्त हवा. कमी असेल तर लहान-लहान जोडीवर चेन लोंबकळते. त्यावर उपाय म्हणून चेन छोटी करावी, तर मोठ्या-मोठ्या जोडीवर ती इतकी ताणली जाते की डिरेलरच उपटून निघू शकतो. पुढे तीन चकत्या असतील तर बहुतेक वेळा लांब पिंजऱ्याचा डिरेलरच लागतो. पुढे एकच चकती असेल तर ही बेरीज लहान होते, मग मध्यम पिंजराही पुरतो. हे आकडे कंपन्या आपल्या तांत्रिक माहितीत देतात. मोबाइलवर पाच मिनिटांत सापडतात.

चौथा प्रश्न: डिरेलर बसतो कुठे? बऱ्याच स्वस्त सायकलींत तो अ‍ॅक्सलच्या नटाखाली दाबलेल्या पट्टीसकट येतो. बाकीच्यांत तो फ्रेमला जोडलेल्या हॅन्गरमध्ये बोल्टनं बसतो. दिसायला तोच डिरेलर दोन्ही प्रकारांत मिळू शकतो, तेव्हा मागवताना बघून घ्या.

एवढं सगळं मी दुसऱ्या वेळी नीट केलं. शिफ्टर जुळला, दाते जुळले, बेरीज जुळली. नवा डिरेलर बसवला, सायकल स्टँडला लावली, हातानं पेडल फिरवलं. गिअर लोण्यासारखे पडले. मी खूश.

पुढच्या रविवारी लेक ती सायकल घेऊन माझ्याबरोबर जानापावला निघाली. महूच्या पुढे आग्रा-मुंबई रस्ता सोडला की ही टेकडी येते. चंबळचा उगम तिथला, आणि परशुरामाचं जन्मस्थानही तेच मानतात. वरचा चढ खडा आहे. मी पुढे होतो. एका वळणावर तिनं सगळ्यात हलका गिअर टाकला आणि पेडलवर उभी राहिली. मागून कडाड असा आवाज आला. वळून बघतो तर सायकल आडवी, लेक आडवी, आणि डिरेलर मागच्या चाकाच्या स्पोकमध्ये गुंतलेला. चाक जागच्या जागी थांबलं होतं. ती हातावर पडली. मनगटाला बारीक चीर, तीन आठवडे प्लास्टर.

चढावर वेग नसतो म्हणून एवढ्यावर भागलं. तोच गिअर तिनं उतारावर चुकून टाकला असता तर काय झालं असतं, हा विचार मी अजूनही पूर्ण करत नाही.

चूक कुठे झाली? हॅन्गरमध्ये. फ्रेम आणि डिरेलर यांच्यामधला हा छोटा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. सायकल आपटली तर फ्रेमच्या आधी त्यानं वाकावं किंवा तुटावं, हेच त्याचं काम. चोरलला माझा डिरेलर वाकला, तेव्हाच हॅन्गरही आत वाकला होता. मी वाकडा डिरेलर काढला आणि नवाकोरा डिरेलर त्याच वाकड्या हॅन्गरवर चढवला. वरचं चाक मोठ्या चकतीखाली बरोबर येत होतं, पण पिंजऱ्याचं खालचं टोक स्पोककडे कललेलं होतं. स्टँडवर हातानं फिरवताना जोर नसतो, तिथे ते निभावलं. चढावर अंगाचं वजन पडलं, आणि उरलंसुरलं अंतर संपलं.

म्हणून माझ्या यादीत आता शून्यावा प्रश्न हॅन्गरचा आहे. डिरेलर विकत घ्यायच्या आधी हॅन्गर बघा. सायकलच्या मागे बसा, डोळा चाकाच्या रेषेत आणा. डिरेलरची दोन्ही छोटी चाकं आणि त्यांच्या वरची चकती एकाच उभ्या रेषेत दिसायला हवीत. खात्री हवी असेल तर दुकानात हॅन्गर सरळ करायचा गेज असतो. तो हॅन्गरच्या आट्यांत पिळून चाकाभोवती फिरवायचा आणि रिमपासूनचं अंतर चारी बाजूंना मोजायचं. तीन-चार मिलीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर हॅन्गर सरळ करा किंवा बदला. हॅन्गरचे आकार शेकड्यांनी आहेत, तेव्हा जुना तुकडा हातात घेऊनच नवा घ्या आणि एक जास्तीचा पिशवीत ठेवा. २०१९ साली स्रॅमनं सगळ्यांना चालेल असा एक समान हॅन्गर आणला, पण आपल्या जुन्या सायकलींना त्याचा उपयोग नाही.

आणखी दोन गोष्टी. चेन जुनी असेल तर नव्या डिरेलरचं सुख मिळणार नाही. पट्टी लावून चेनच्या २४ कड्या मोजा. नव्या चेनमध्ये त्या बरोबर १२ इंच भरतात. एक-षोडशांश इंच जास्त भरल्या तर चेन बदला. एक-अष्टमांश भरल्या तर बहुधा कॅसेटही गेली. आणि डिरेलर बसवल्यावर लिमिट स्क्रू स्वतः तपासा. शिफ्टर मोठ्या चकतीवर न्या, मग डिरेलर बोटानं आत ढकला. तो स्पोकला लागता कामा नये.

किंमत सगळ्यात शेवटी बघा. महागडे डिरेलर हलके असतात, टिकतात. क्लच असलेला घेतला तर खडबडीत वाटेवर चेन कमी आपटते. पण वाकड्या हॅन्गरवर महागडा डिरेलरही स्पोकमध्येच जाणार.

लेकीचा हात आता बरा आहे. परवा मी तिच्या सायकलीची केबल बदलत होतो. तिनं दारातूनच विचारलं, "बाबा, हॅन्गर बघितलास?" मी पान्हा खाली ठेवला आणि चाकामागे जाऊन बसलो.

तुम्हीही बघा.