नवाबाची मेहुणी आणि तिची वही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



इंग्लंडमधल्या खानदानी घरांतल्या, मेजवान्या गाजवणाऱ्या काही स्त्रिया पुढे लेखिका झाल्या, हे आपण वाचलेलं असतं. अशी एक बाई आपल्या महाराष्ट्रातही होऊन गेली. मुरुडचा जंजिरा पाहायला आपल्याकडून सहली जातात. १६१० मध्ये खडकी, म्हणजे आपलं हे शहर, वसवणारा मलिक अंबर हबशी होता. जंजिऱ्याचे सिद्दी नवाबही हबशीच. त्यांतल्या नवाब सिद्दी अहमद खान यांच्या बेगम नाझली. आणि नाझलींची धाकटी बहीण अतिया फैजी.

अतियांचा जन्म १८७७ चा, इस्तंबूलचा. वडील तिथे व्यापार करत. आई मुंबईच्या तय्यबजी खानदानातली. १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले. या मंडळींनी गुजराती मागे ठेवून उर्दू जाणीवपूर्वक स्वीकारली होती. ‘तुम्ही मराठीत का लिहिता?’ असं मला आजही विचारतात, तेव्हा मला हे घर आठवतं. भाषा जन्मानं मिळते, तशी ती निवडताही येते.

या घरांत आणखी एक रीत होती. ‘अखबार’ नावाची वही. घरातलं कुणीही तिच्यात लिहायचं : पाहुणे, प्रवास, आजारपण, रुसवेफुगवे. बायकाही लिहायच्या. मला वाटतं, अतिया लेखिका झाल्या त्या याच वहीत.

१९०६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर त्या शिक्षिकेचं शिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. तिथून बहीण झोहरा यांना रोजनिशीसारखी पत्रं धाडत. झोहरांनी ती लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या उर्दू साप्ताहिकाकडे दिली. तब्येतीमुळे अभ्यासक्रम अर्धवट सोडून अतिया १९०७ मध्ये परतल्या. पदवी हाती आली नाही, पण लिखाण उरलं. १९२१ मध्ये त्याचं ‘जमाना-ए-तहसील’ हे पुस्तक झालं. त्याआधी, १९१४ मध्ये, त्यांनी हिंदुस्थानी संगीतावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं होतं.

आणि आज त्यांचं नाव कशासाठी निघतं? मौलाना शिबलींनी त्यांना पत्रं लिहिली, आणि लंडनमध्ये इक्बालांशी त्यांची मैत्री झाली, म्हणून. दोन थोर पुरुषांच्या चरित्रातली तळटीप! त्यांच्या रोजनिशीत मात्र इक्बाल येतात ते भेटलेल्या अनेकांपैकी एक म्हणून. बाकीची पानं कॉलेजची, लंडनच्या रस्त्यांची, भेटीगाठींची, घरच्या आठवणीची. मी स्वतः कवी आहे. कवींच्या पत्रांचं मोल मला कळतं. पण पत्र ज्या बाईला आलं, तिनं स्वतः काय लिहिलं, हे कुणी विचारायचं की नाही?

१९१२ मध्ये अतियांनी पुण्याचे चित्रकार सॅम्युएल रहमीन यांच्याशी लग्न केलं. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले. त्यांनी इस्लाम स्वीकारला. दोघांनी एकमेकांचं आडनाव जोडून ‘फैजी-रहमीन’ लावलं. आज नुसत्या आडनावावरून माणूस ओळखू पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

१९४८ मध्ये जीनांच्या निमंत्रणावरून ही मंडळी कराचीला गेली. पुढे तिथलं घर सोडावं लागलं. अखेरचे दिवस हलाखीचे. १९६७ मध्ये अतिया गेल्या. मेजवान्या संपल्या, नवाबी संपली, घरही गेलं. त्यांचं लिखाण मात्र टिकलं. २०१० मध्ये त्यांच्या रोजनिशीचा इंग्रजी अनुवाद अभ्यासपूर्ण टिपांसह प्रसिद्ध झाला. जंजिऱ्याच्या या मेहुणीला आता मराठी वाचकाच्या कपाटातही जागा मिळायला हवी.

आपल्या घरात नवाबी नसते, पण किराण्याच्या हिशेबाची वही असते. तिच्या मागच्या पानांवर घरातल्या बाईनं काही लिहिलं असेल, तर रद्दीत टाकण्याआधी तिला विचारून एकदा वाचून पाहा.