तुरीच्या शेतातले बिनकण्याचे प्राणी

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की औराद, भालकीच्या शिवारात ओल्या मातीवर लाल मखमली किडे फिरू लागतात. सगळे त्यांना मृगाचे किडे म्हणतात. पण पाय मोजले तर आठ भरतात. कीटकाला असतात सहा. म्हणजे हा प्राणी कोळी-विंचवाच्या गोतातला. आणखी नवल असे, की अंड्यातून निघालेल्या त्याच्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात आणि ते दुसऱ्या कीटकांच्या अंगाला चिकटून पोसते.

जगातल्या ज्ञात प्राणिजातींपैकी 95 टक्क्यांहून अधिक जातींना पाठीचा कणा नाही. एवढ्या मोठ्या पसाऱ्याचे निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये दोनच वर्ग केले, कीटक आणि कृमी. खेकडा नि विंचू कीटकांत गेले, गांडूळ नि गोगलगाय कृमींत. पुढे 1793 मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात हा विषय लामार्ककडे आला. त्याने या सर्वांना अपृष्ठवंशीय म्हटले आणि खेकडे व कोळी यांना कीटकांपासून वेगळे काढले. तरी अपृष्ठवंशीय म्हटल्याने कळते ते एवढेच, की कणा नाही. अंग वलयांचे आहे, सांधेदार पायांचे आहे की मऊ आणि शंखातले, हे पाहिल्यावरच खरी ओळख पटते.

कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तुरीच्या या भागातल्या शेतकऱ्याला कोणता प्राणी कोणत्या गटातला ही ओळख फार उपयोगाची आहे.

शेंगा पोखरणारी अळी त्याच्या रोजच्या पाहण्यातली. ती पतंगाची अळी, म्हणजे कीटक. वांझ रोगाचे तसे नाही. त्यात झाड हिरवेगार वाढते, पानांवर फिकट-गडद ठिपके येतात, पण फूल नाही की शेंग नाही. हा रोग विषाणूचा. तो पसरवणारा कोळी इतका बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, आणि वाऱ्याबरोबर एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो. हाही मृगाच्या किड्याचाच दूरचा भाऊबंद, पण पाय चारच! अळीवरचे औषध त्याला लागू पडेलच असे नाही. सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे योग्य वाण. ‘मारुती’ वाण मर रोगाला दाद देत नाही, पण वांझ रोगाला बळी पडतो. ‘आशा’ या दोन्ही रोगांपुढे टिकतो. पेरणीआधी विचारायची गोष्ट आहे ती ही.

आता गोगलगाय. 2022 च्या पावसाळ्यात शेजारच्या लातूर जिल्ह्यात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. मोठ्या शंखाची आफ्रिकन गोगलगाय मूळची इकडची नव्हे. विल्यम बेन्सन या शंखांच्या अभ्यासकाने ती 1847 मध्ये मॉरिशसहून कोलकात्यात आणली. ही मृदुकाय प्राण्यांपैकी, शिंपल्यांच्या नात्यातली. त्यामुळे अळीसाठी आणलेली फवारणी इथे वाया जाते. संध्याकाळी बांधाच्या कडेने ओली गोणपाटे अंथरावीत, सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात आणि साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. एकही सोडू नये. कारण प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, आणि एका खेपेला शंभराहून अधिक अंडी घालू शकते.